शरीर हलते ठेवण्यासाठी आपल्या परिसरात काय आहे? टेकडी, तालीम, मैदान आणि मंगळागौर

कोथरूडकर (धागाकर्ता)

पन्नाशीच्या आसपासच्या बहुतेकांना डॉक्टर कधी ना कधी ‘जरा हालचाल वाढवा’ असे सांगतात, आणि ते ऐकून आलेला माणूस सर्वप्रथम जिमची वर्षभराची वर्गणी भरून टाकतो. ती वर्गणी फुकट गेली की दोष आळसाला देण्याची आपल्याला सवय आहे. मला मात्र त्यामागे अंतर आणि एकटेपणा ही दोन कारणे अधिक दिसतात. गाडी काढून, सिग्नल ओलांडून, पार्किंग शोधून जेथे पोहोचावे लागते आणि जेथे आपण न गेल्याचे कोणाच्याही लक्षात येत नाही, तेथे जाणे पहिल्या मोठ्या पावसात थांबते आणि दिवाळीनंतर पुन्हा सुरू होतेच असे नाही. म्हणून या धाग्यात आहार, वजन आणि व्यायामाच्या नव्या पद्धती यांची चर्चा नको. घरापासून पायी पंधरा मिनिटांच्या आत काय उपलब्ध आहे, आणि तेथे आपली वाट पाहणारे कोण भेटते, एवढ्याचीच नोंद व्हावी अशी विनंती आहे.

किती हालचाल पुरेशी, हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल करावी, आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम करावा. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला की श्रम मध्यम झाले असे ढोबळमानाने समजतात. एका वेळी किमान दहा मिनिटे सलग हालचाल झाली पाहिजे, ही जुनी अट या शिफारशींत उरलेली नाही. त्यामुळे भाजी आणायला पायी जाणे आणि लिफ्ट टाळून जिना चढणे हेही हिशेबात धरता येते.

माझ्या भागापुरते सांगायचे तर म्हातोबा टेकडी आणि वेताळ टेकडी या दोन्ही जवळ आहेत, आणि महापालिकेच्या बागांत खुल्या व्यायामशाळाही आहेत. या खुल्या व्यायामशाळांबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. त्यांतील बहुतेक यंत्रांना वजन वाढवण्याची सोय नसते, त्यामुळे मोठी माणसेही ती लहान मुलांच्या झोपाळ्यासारखीच वापरतात. त्यांच्यामुळे माणसे बागेत येतात हे मात्र खरे, आणि आलेली माणसे बागेला दोन फेऱ्याही मारतात.

टेकडीवासी

वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे आणि खालचे शहर सुमारे ५६० मीटरवर आहे, यावरून चढाचा अंदाज यावा. कोथरूड, पंचवटी, गोखलेनगर, लॉ कॉलेज रस्ता अशा कोणत्याही बाजूने वर जाता येते, आणि प्रत्येक वाटेचा चढ वेगळा आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने थेट वेताळाला जाऊ नये, असे मी नेहमी सांगतो. फर्ग्युसन महाविद्यालयामागची हनुमान टेकडी लहान आहे. तेथे दम लागला तर बसायला जागा आहे आणि वाटेत माणसांचा राबताही असतो. पर्वतीच्या पायऱ्या रुंद आणि कमी उंचीच्या असल्यामुळे चढायला सोप्या वाटतात. आपली तब्येत कितपत सुधारली हे पाहायला त्या फार उपयोगी आहेत, कारण सुरुवातीला कोठे थांबावे लागत होते हे प्रत्येकाला आपोआप आठवते.

वर माणसांचा जो मुद्दा मांडला आहे त्याची खरी जागा टेकडीच आहे. ठरलेल्या वेळी ठरलेल्या झाडाखाली किंवा कठड्यापाशी जमणारे गट येथे वर्षानुवर्षे टिकून आहेत. कोणी सूर्यनमस्कार घालतो, कोणी रोपांना पाणी घालण्यासाठी दोन बाटल्या भरून वर नेतो, कोणी नुसत्या गप्पा मारतो. गटातील एखादा माणूस सलग काही दिवस दिसला नाही तर संध्याकाळपर्यंत त्याच्या घरी फोन जातो. या गटांना नाव नसते, वर्गणी नसते आणि अध्यक्षही नसतो, आणि माझ्या मते ते टिकण्याचे कारणही तेच आहे. वेताळ टेकडीतून रस्ता काढण्याच्या प्रस्तावाविरुद्ध २०२३ मध्ये पुण्यात मोठा मोर्चा निघाला, त्यात रोज टेकडी चढणारे नागरिक मोठ्या संख्येने होते. चालण्यामुळे एखाद्या जागेशी किती नाते जडते, हे तेव्हा ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको.

सावधगिरीचे एकच सांगतो. सुट्या मुरमावरून पाय घसरतो तो बहुधा उतरताना. पावसाळ्यात तळ झिजलेले बूट घालून टेकडीवर जाऊ नये, आणि हातात काठी घेण्यात कमीपणा मानू नये.

सातारकर

पुण्याबाहेरचे एक उदाहरण देतो, कारण आमच्याकडे हे लोण पाहता पाहता सगळ्या गावात पसरले. अजिंक्यतारा आणि यवतेश्वरचा घाट या दोन्ही जागा गावाला लागूनच आहेत. २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटरस्त्यावर २१ किलोमीटरची सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते, आणि तिच्यासाठी बाहेरून हजारो धावपटू येतात. मला मात्र स्पर्धेच्या दिवसापेक्षा आधीच्या महिन्यांतील सराव महत्त्वाचा वाटतो. डॉक्टर, शिक्षक, दुकानदार, गृहिणी असे सगळे एकाच घाटात पहाटे चढताना दिसू लागले, आणि धावणाऱ्या माणसाकडे ‘याच्या मागे कोण लागले आहे?’ अशा नजरेने पाहणे बंद झाले. गावातल्या गावात एखाद्या गोष्टीचा संकोच संपला की तिच्यासाठी वेगळा प्रचार करावा लागत नाही.

रात्रपाळी

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु एक आक्षेप नोंदवतो. पहाटे साडेपाचला टेकडी, सहाला बाग, संध्याकाळी मैदान, हे सगळे वेळापत्रक दिवसा नोकरी करणाऱ्यांचे किंवा निवृत्तांचे आहे. माझ्यासारखा माणूस पहाटे चारला कामावरून घरी येतो आणि अकरा-बाराला उठतो. त्याला मोकळी असते ती दुपार, आणि महापालिकेच्या बहुतेक बागा नेमक्या दुपारीच बंद असतात. रखवालदाराचे जेवण, झाडांना पाणी, साफसफाई ही कारणे मला मान्य आहेत. परंतु ज्या शहरात रात्रभर दिवे जळणारी एवढी कार्यालये आहेत, तेथे निदान काही बागा तरी दुपारी उघड्या ठेवायला काय हरकत आहे? शिवाय ‘वाट पाहणारी माणसे’ हा निकष लावला तर आमच्यासारखे लोक आपोआप बाहेर पडतात, कारण आमच्या वेळेला वाट पाहायला कोणीच नसते.

कोथरूडकर (धागाकर्ता)

रात्रपाळी यांचा आक्षेप रास्त आहे. बागेच्या वेळांबाबत क्षेत्रीय कार्यालयाकडे लेखी अर्ज करता येतो. असा अर्ज एकट्याने करण्यापेक्षा एकाच इमारतीतील किंवा एकाच कंपनीतील चारपाच जणांनी मिळून केल्यास त्याला वजन येते, आणि त्याच निमित्ताने त्या वेळेला फिरणारे चारपाच जण एकमेकांना सापडतात. तोपर्यंत इमारतीचा जिना हीच दुपारची सर्वांत सावलीची आणि खात्रीची जागा आहे, असे मला वाटते.

आषाढसरी

आतापर्यंतच्या प्रतिसादांत एकाही स्त्रीने लिहिलेले दिसले नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. २०२४ च्या जूनमध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये जगभरातील शारीरिक निष्क्रियतेचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होते, तर स्त्रियांत ५७ टक्के. दिवसभर घरात राबणाऱ्या बाईला हे आकडे वाचून राग येणे स्वाभाविक आहे. पण ओट्यापाशी तासन् तास उभे राहण्याने पाय सुजतात आणि दम मात्र वाढत नाही, हेही तितकेच खरे आहे. पहाटेची वेळ डब्यांची, संध्याकाळची वेळ मुलांच्या अभ्यासाची आणि देवापुढच्या दिव्याची, आणि अंधार पडल्यावर टेकडीवर एकटीने जाण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे टेकडीचे कितीही कौतुक केले तरी ती अनेकींच्या कामाची नाही.

आमच्या सोसायटीत यावर जे उत्तर सापडले ते मंगळागौरीच्या खेळांचे. पुणे, ठाणे, डोंबिवली या भागांत मंगळागौरीचे खेळ करून दाखवणारे महिलांचे गट आता पुष्कळ आहेत, आणि श्रावणातील मंगळवारी त्यांना बोलावणीही येतात. ज्यांनी हे खेळ केवळ प्रेक्षक म्हणून पाहिले आहेत त्यांना त्यांतील श्रमाची कल्पना येत नाही. झिम्मा आणि पिंगा यांत पाय आणि खांदे एका लयीत चालवावे लागतात. बसफुगडीत उकिडवे बसून पाय आळीपाळीने पुढे टाकावे लागतात, आणि मांड्यांची एवढी परीक्षा जिममधील बैठकांतही होत नसेल. सूप नाचवताना मनगटे भरून येतात. त्यात गाणी तोंडाने म्हणायची असतात, म्हणजे श्वासावर ताबा हवाच. वर धागाकर्त्यांनी ‘गाणे म्हणता येत नाही इतपत दम’ अशी खूण सांगितली आहे, तिचे आमच्याकडे काय करायचे हे त्यांनीच सांगावे.

आम्ही सराव आषाढात सुरू करतो, म्हणजे श्रावणापर्यंत अंगाला सवय होते. दुपारी तीनची वेळ सगळ्यांना जमते आणि सोसायटीचे सभागृह त्या वेळेला रिकामेच असते. गुडघ्यांचा त्रास असलेल्या मैत्रिणी बसफुगडी आणि कोंबडा हे खेळ टाळतात, तरी गाण्याला आणि उभ्याने खेळायच्या खेळांना त्या असतातच. कोणाला रिकामे बसवायचे नाही, एवढा नियम आम्ही पाळतो. अडचण एकच की भाद्रपद उजाडला की सगळे थंडावते. म्हणून आम्ही गौरी-गणपती झाल्यावर त्याच वेळेला, त्याच जागी लेझीम सुरू केली. लेझीम शाळेत सगळ्यांनी हातात धरलेली असते, त्यामुळे शिकवायला वेगळी बाई आणावी लागली नाही.

टेकडीवासी

आषाढसरीताई, लेझमीला माझे पूर्ण अनुमोदन आहे. तरुण मुलेमुली ढोल-ताशा पथकांत जातात, तेही याच जातीचे काम आहे. गणपतीच्या आधी महिना-दोन महिने नदीकाठच्या सरावाला येणारी मुले कमरेला ढोल बांधून तासभर उभी राहतात, तेव्हा त्यांची पाठ आणि दंड चांगलेच कामाला लागतात. कानांत बोळे घालण्याची शिस्त मात्र प्रत्येक पथकाने लावली पाहिजे. बहिरेपण आले तर कमावलेल्या ताकदीचा आनंद कितीसा राहील?

लाल माती

तालमीचा उल्लेख शीर्षकात आहे, पण तिच्याबद्दल अजून कोणी काही लिहिले नाही. मी मूळचा कोल्हापूरचा असल्याने हे काम माझ्याकडे आले असे समजतो. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेले खासबाग मैदान सर्वांना ठाऊक असते, परंतु गावाला बळ दिले ते गल्लोगल्लीच्या तालमींनी. तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा आखाडा नव्हे. पेठेतल्या मुलाला ‘उद्यापासून मेहनतीला ये’ असे सांगणारा वस्ताद, जोर-बैठका मोजणारा मोठा मुलगा, आणि संध्याकाळी पायरीवर बसणारी वडीलधारी मंडळी, हे सगळे मिळून तालीम होते. आज अनेक तालमींत माती कमी आणि यंत्रे अधिक दिसतात. मला त्याचे दुःख आहे, परंतु दार उघडे आहे आणि शुल्क परवडणारे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये स्थापन केलेले महाराष्ट्रीय मंडळ आहे. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच मंडळाच्या पथकाने आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. दादरला शिवाजी पार्कवर श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. तेथे मल्लखांब शिकवण्यात आयुष्य घालवणारे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये शिवाजी पार्कवरच भरली. ही नावे अभिमानासाठी दिलेली नाहीत. या संस्थांची मैदाने वस्तीच्या मध्यभागी आहेत, आणि तरीही त्यांच्या भिंतीपलीकडे राहणारी माणसे दूरच्या जिमला गाडीने जातात, याचे मला आश्चर्य वाटते. मुलांना शिकायला सोडून बाहेर मोबाइल पाहत बसणाऱ्या पालकांनी आत जाऊन मोठ्यांसाठी कोणती वेळ आहे एवढे विचारले, तरी बरेच काम होईल. दोरीच्या मल्लखांबाला वयाची अट आहे, हा समज तर सोडूनच द्यावा.

टेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये राहतो, आणि येथील एक पद्धत या चर्चेला उपयोगी पडेल असे वाटते. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनजवळच्या बुशी पार्कमध्ये १३ जणांनी पाच किलोमीटरची एक धाव सुरू केली, आणि तीच आता ‘पार्करन’ या नावाने अनेक देशांत पोहोचली आहे. दर शनिवारी सकाळी, ठरलेल्या बागेत, ठरलेल्या वेळी ती होते. इंग्लंडमध्ये ती वेळ नऊची आहे. शुल्क काहीही नसते. धावावे, चालावे किंवा नुसते उभे राहून इतरांची वेळ नोंदवावी, सगळे चालते. सर्वांत शेवटी चालण्यासाठी एक स्वयंसेवक मुद्दाम नेमलेला असतो, त्यामुळे आपण शेवटचे येऊ ही भीती कोणालाच राहत नाही. आमच्या भागातील मराठी मंडळी गणपती आणि दिवाळी या दोन प्रसंगी भेटत असत. आता त्यांतील काहीजण शनिवारी एकमेकांना बागेत भेटतात, आणि धावून झाल्यावर कोणाच्या तरी घरी पोहे होतात.

भारतात हा उपक्रम नाही, परंतु त्यातील शेवटच्या माणसाची योजना उचलायला कोणाची परवानगी लागत नाही. टेकडीवरच्या गटांत वेगाने चढणारे पुढे जाऊन थांबतात आणि मागून धापा टाकत येणारा पोहोचला की लगेच निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सर्वाधिक, त्याला ती सर्वांत कमी मिळते. नवा माणूस दुसऱ्या दिवशी न येण्याचे हे एक मोठे कारण असावे.

तालुक्याहून

आमच्याकडे टेकडी आहे, पण तिच्यावर गुरे चरतात आणि शेतात राबणाऱ्या माणसाला कोणी व्यायाम सुचवला तर तो हसतो. तालुक्याच्या गावात मात्र आता बैठी कामे खूप वाढली आहेत. दुकान, बँक, पतसंस्था, सेतू केंद्र अशा ठिकाणी दिवसभर बसणाऱ्यांना शेतकऱ्याचे अंग राहिलेले नाही आणि शहरातल्या सोयीही मिळालेल्या नाहीत. सरकारी निधीतून बांधलेली व्यायामशाळा अनेक गावांत आहे, आणि तिची किल्ली कोणाकडे आहे हा गावातील कायमचा प्रश्न आहे.

खरे मैदान गाजवतात ती पोलीस भरतीची तयारी करणारी मुलेमुली. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते, शिवाय दोघांनाही १०० मीटरची धाव आणि गोळाफेक असते. त्यामुळे पहाटे शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेल्या पट्ट्यांवर त्यांची रोज गर्दी असते. त्यांच्यामुळे एक गोष्ट न सांगता घडली. गावातील मुली ट्रॅक पँट घालून रस्त्याने पळतात हे लोकांच्या डोळ्यांना सवयीचे झाले, आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्या आया आणि काकू साडीवर बूट घालून चालायला येऊ लागल्या. मुख्याध्यापकांना विनंती केल्यावर त्यांनी फाटक पहाटे पाचला उघडण्याची परवानगी दिली, मात्र ‘मैदानावर थुंकणार नाही आणि प्रार्थनेच्या घंटेआधी मैदान रिकामे करू’ असे लेखी घेतले. ज्यांच्या गावात शाळेचे मैदान कुलपात आहे त्यांनी हा मार्ग करून पाहावा.

फिजिओ

व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे राहिलेल्या एका गटाबद्दल लिहिते. पासष्टीच्या पुढच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हींचा व्यायाम सुचवला आहे, आणि त्यामागे मुख्य हेतू पडणे टाळण्याचा आहे. आपल्याकडचे ज्येष्ठ नागरिक बागेत नियमाने चालतात, हास्यक्लबलाही जातात, पण ताकदीचा व्यायाम बहुतेक जण करत नाहीत. हास्यक्लबची कल्पना १९९५ मध्ये मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी सुरू केली. तेथे माणसे जमलेलीच असतात, त्यामुळे हसून झाल्यावर आणखी दहा मिनिटे थांबवणे सोपे जाते. बागेच्या बाकावरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, कठड्याला धरून टाचा वर उचलणे, एका ओळीत टाचेपुढे पाऊल ठेवून चालणे, एवढ्याने सुरुवात पुरेशी होते. छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा बोलताही येणार नाही इतका दम लागणे यांपैकी काही झाले तर लगेच थांबून डॉक्टरांना दाखवावे.

टेकडीवासी यांनी घसरण्याचा मुद्दा मांडला आहे, त्याला जोडून एक सांगते. चढताना दम लागतो म्हणून लोक चढाला घाबरतात, परंतु गुडघ्यांवर अधिक भार उतारावर येतो. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी पायवाटेने चढावे आणि शक्य असेल तेथे डांबरी रस्त्याने, लहान पावले टाकत उतरावे.

रात्रपाळी

फिजिओताई, जिन्याबाबतही असेच का? आमच्या इमारतीला सात मजले आहेत आणि लिफ्ट चालू आहे.

फिजिओ

होय. जिना चढा आणि खाली येताना लिफ्ट घ्या. मांड्यांत ताकद आली, आणि आधार न घेता बाकावरून सहज उठता येऊ लागले, की मग उतरायलाही जिना वापरा.